बावीस मिनिटांचं प्रेत

एन्डा म्हणाला, यंदा तुला प्रेत करायचंय.
दुसरा अंक, बावीस मिनिटं.
शवपेटी उघडी, संवाद नाहीत, हलायचं नाही.
चालेल, म्हटलं.
पाठांतराला वेळ होताच कुठं?
चौथी कादंबरी एकोणिसाव्या प्रकरणात
चिखलात रुतल्या ट्रॅक्टरसारखी
जागच्या जागी चाकं फिरवत होती.

आधीच्या तिन्ही मी स्वतःच काढल्या.
स्लायगोचा छापखाना, पतपेढीचं कर्ज,
आणि पान सत्त्याऐंशीवर
नायिकेचं नावच चुकलेलं.
दोनशे प्रती. दोनशे वेळा
निळ्या पेनानं तिचं बारसं केलं.
खपल्या एक्केचाळीस.
उरलेल्या खोक्यांवर कुत्रा झोपतो.
त्याला उंची आवडते.

दिवसा मी गुरांच्या डॉक्टरकडे काउंटरवर,
जंतांच्या औषधाशेजारी माझी पुस्तकं.
पॅकी रोर्कनं एक नेलं होतं,
गाय व्यायची होती, गोठ्यात रात्र काढायची होती.
एकशे बाराव्या पानापर्यंत आलो, म्हणाला,
मग वासरू आलं.
मी विचारलं, पुढं काय झालं?
कालवड, तो म्हणाला.

बहीण ऊना म्हणते, एक ना धड, डिम्फ्ना,
भाराभर चिंध्या.
सोमवार-गुरुवार तालमी, बाकीच्या रात्री टेबल,
आणि रविवारी तू जेवायला येतेस
ती कुठल्यातरी तिसऱ्याच बाईचा चेहरा घेऊन.
खरं आहे.
तळ्यात म्हटलं की मळ्यात,
मळ्यात म्हटलं की तळ्यात,
मी बाद होत नाही एवढंच,
कारण ओरडणारीही मीच.

तर मार्चमधली ती स्पर्धा.
पाऊण तास पावडर थापून
मी मेले.
पडदा उघडला. मेणबत्त्यांचा वास,
हॅम सँडविचचा वास, ती खरी होती,
नोराच्या बाहीला खोकल्याच्या गोळ्यांचा वास.
माझ्यावर रडणारे सगळे
माझ्याकडे न बघता रडत होते.
हे मला उभ्या जन्मात कळलं नसतं,
आडवी झाले तेव्हा कळलं:
मेलेल्याच्या तोंडाकडं कुणी बघत नाही,
हातांकडं बघतात.

अकराव्या मिनिटाला मॅलकी,
माझा नाटकातला मुलगा,
वाक्य विसरला.
विसरला, आणि काहीतरी करायचं म्हणून
वाकून माझ्या मनगटाचं बटण लावलं.
आधीच लावलेलं होतं.
त्यानं काढलं, परत लावलं.
सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि माझी सबीना, एकोणिसाव्या प्रकरणातली,
जिला मी नवऱ्याच्या पेटीपाशी उभी करून
चौदा पानं बोलायला लावलं होतं,
ती गप्प झाली.
बटणापाशी पोचली.
वाक्य आलं, अख्खं, विरामचिन्हांसकट,
आणि मी मेलेली!
पेन नाही, कागद नाही,
अजून अकरा मिनिटं.
मी ते वाक्य मनात घोळवत राहिले,
तापलेला बटाटा या हातातून त्या हातात.

नंतर कॉर्कहून आलेले परीक्षक
रंगमंचावर छोट्या टेबलाशी बसून
सगळ्यांदेखत म्हणाले:
प्रेत उत्तम. श्वासावर ताबा.
फक्त उजवं बोट
जपमाळेच्या मण्यांवर काहीतरी
टंकलिखित करत होतं.
दोन गुण गेले.
आम्ही एका गुणानं हरलो.

परतीच्या मिनीबसमध्ये एन्डा माझ्याशी बोलला नाही.
मी भुवयांच्या पेन्सिलीनं
कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहीत होते,
गालाची पावडर अक्षरांवर पडत होती,
फुंकर मारायची, पुढची ओळ.
नोरा म्हणाली, वाच की मग,
महाग पडलंय आम्हाला ते.
वाचलं. अर्धं पान.
वायपर तेवढे बोलत होते.
गाडी चालवणारा पॅकी
आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला,
पुढं?